यादी विद्यापीठाची, वेळापत्रक कॉलेजचं

मॅडम, नमस्कार. मी कोपरखैरणेला राहते. माझं पोळी-भाजीचं छोटं केंद्र आहे, मिस्टर एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. मूळ गाव खटाव तालुक्यात. मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली, ६९ टक्के. गणितात ८१ आहेत. इंजिनीअरिंगच्या सीईटीला पर्सेंटाइल कमी आले म्हणून साधी डिग्री करायचं ठरवलं. मोबाइलवर विद्यापीठाच्या कोर्सची यादी उघडली, तर ती खाली सरकवतेय, सरकवतेय, संपेचना. मुलीला स्टॅटिस्टिक्स शिकावंसं वाटतं आणि सायकॉलॉजीही आवडतं. धाकटे दीर म्हणतात, डेटा सायन्स नाहीतर आयटी घ्या, स्कोप त्यालाच आहे. मिस्टर म्हणतात, आर्ट्सचंच काही शिकायचं होतं तर सायन्सच्या क्लासची दोन वर्षांची फी कशाला भरली? मी स्वतः बारावी कॉमर्स, लग्न झालं आणि पुढं राहिलं. आमच्या घरातनं कॉलेजला जाणारं हे पहिलंच पोर. पैसे एकदाच घालता येतील, चुकलं तर परत नाही. एवढ्या यादीतनं नेमकं काय निवडायचं?
— एक आई, कोपरखैरणे

ताई, नमस्कार.

ती यादी संपत नाही, कारण ती कुठल्याच एका कॉलेजची नाही. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांचा आहे. कुलाब्यापासून थेट बांद्यापर्यंत जी कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत ती, आणि कलिन्याला विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आहेत ते, या सगळ्यांत मिळून जे शिकवलं जातं त्याची ती यादी. त्यात पाली आहे, फारसी आहे, जर्मन आणि रशियन आहे. तत्त्वज्ञान आहे, ग्रंथालयशास्त्र आहे, जीवभौतिकी आहे, नॅनोविज्ञान आहे. लोककला अकादमीत आपल्या मातीतल्या लोककला रीतसर शिकवल्या जातात. १८५७ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी एवढ्यावर भागत होतं. आता २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे हे सगळं चार विद्याशाखांत बसवलेलं आहे: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

तुम्ही दोघी गांगरलात यात नवल नाही. मी ठाण्यात तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच प्रवेश समितीवर काढली, तरी दर वर्षी त्या यादीत माझ्यासाठी एखादं नवं नाव निघायचं आणि मला फार बरं वाटायचं. फडावरची कला आणि अणू-रेणूंचं विज्ञान एकाच यादीत असावं, ही मला आपल्या विद्यापीठाची खरी श्रीमंती वाटते.

पण ही सगळी श्रीमंती तुमच्या मुलीच्या ताटात पडणार नाही. ती ज्या कॉलेजात जाईल, तिथल्या वेळापत्रकात जे असेल तेवढंच तिला शिकायला मिळेल. म्हणून ती यादी आता बंद करा आणि घरापासून जाण्यायेण्याजोग्या दोन-तीन कॉलेजांचं यंदाचं वेळापत्रक मिळवा.

हे इतकं जोर देऊन का सांगते, ते ऐका. आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं केमिस्ट्रीला प्रवेश घेतला. कॉलेज निवडलं ते केवळ माहितीपत्रकात जोडविषय म्हणून अर्थशास्त्र लिहिलेलं होतं म्हणून. ऑगस्टमध्ये वर्गात सांगितलं गेलं की अर्थशास्त्राला सहाच नावं आली आहेत, सहा जणांसाठी तास लावता येत नाहीत, बाकीच्यांबरोबर झूलॉजी घ्या. मुलगी रडत घरी आली. तोवर बाकीच्या कॉलेजांचे प्रवेश संपलेले होते. ‘हा विषय मागच्या वर्षी प्रत्यक्ष चालला का?’ एवढा एक प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर विचारायचा राहिला. मी तिच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि मीही तिला वेळेवर सांगितलं नाही, याची रुखरुख अजून जात नाही.

आता पदवीची नवी घडी थोडक्यात समजून घ्या, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण तिथेच मिटेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे रचना बदलली, आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून आली. एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. एक जोडविषय, म्हणजे मायनर. तो मेजरच्या विद्याशाखेतला असू शकतो किंवा दुसऱ्याही. आणि ओपन इलेक्टिव्ह, ज्याला मुलं नुसतं ‘ओई’ म्हणतात, तो मात्र दुसऱ्याच विद्याशाखेतला घ्यावा लागतो. म्हणजे बीएससी करणाऱ्या मुलीला ओईसाठी मानव्यविद्येकडे नाहीतर वाणिज्याकडे जावंच लागतं. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यातले साधारण १८ ते २० मायनरचे असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकल असेल तर ३०.

तेव्हा स्टॅटिस्टिक्स की सायकॉलॉजी, असा एकाचा गळा दाबून दुसरं घ्यायचा प्रश्न आता उरलेला नाही. स्टॅटिस्टिक्स मेजर आणि सायकॉलॉजी मायनर अशी पदवी कागदावर तरी पूर्ण बसते. मायनर नाही जमला तर ओई म्हणून सायकॉलॉजीचे एक-दोन पेपर घेता येतात. आणि मिस्टरांना सांगा की क्लासची फी पाण्यात गेलेली नाही. बीएससी स्टॅटिस्टिक्सचं दार बहुतेक ठिकाणी बारावीच्या गणितावरच उघडतं. मुलीच्या गुणपत्रिकेवर त्या पेपरचं नावच ‘गणित आणि संख्याशास्त्र’ आहे, आणि त्यात ८१ आहेत.

दिरांचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. त्यांना पुतणीची काळजी आहे. फक्त ते गोणीवर छापलेलं नाव वाचून भाव सांगताहेत. मिस्टरांना विचारा, त्यांच्या मार्केटात कांद्याची गोणी उघडून माल हातात घेतल्याशिवाय व्यापारी भाव बोलतो का? तशी डेटा सायन्सची गोणी उघडून बघू. आत संभाव्यता आहे, प्रतिगमन म्हणजे रिग्रेशन आहे, नमुना घेऊन अंदाज बांधण्याची रीत आहे, गृहीतकाची परीक्षा आहे. हे सगळं स्टॅटिस्टिक्स. त्याच्या जोडीला पायथॉन, डेटाबेस आणि मशीन लर्निंग. डेटा सायन्सवाले जी ‘आर’ नावाची संगणकभाषा वापरतात, ती १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्याच दोन प्राध्यापकांनी घडवली. म्हणजे दीर आणि पुतणी बऱ्याच अंशी एकच गोष्ट मागताहेत, नावं तेवढी दोन आहेत.

आयटीचं तसं नाही. बीएससी आयटीत प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत हे मुख्य. ज्याला कोड लिहायला आवडतं त्याच्यासाठी तो कोर्स चांगलाच आहे. मुलीनं त्याचं नाव स्वतःहून काढलेलं नाही, तेव्हा मी तो बाजूला ठेवीन.

पदवीला मूळ विषय घ्यावा आणि फांदी नंतर धरावी, या मताची मी आहे, आणि ते मी लपवत नाही. फांदीची नावं बदलत राहतात. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या कोर्सला रांगा लागायच्या, त्यातल्या काहींची नावं आज कुणाला आठवत नाहीत. स्टॅटिस्टिक्स केलेल्या मुलीला पुढे डेटा सायन्सला जाता येतं, विमा क्षेत्रातल्या ॲक्चुअरीच्या, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा देता येतात, औषधांच्या चाचण्यांमध्ये लागणाऱ्या जैवसांख्यिकीकडे वळता येतं. केंद्र सरकारची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते आणि पदवीला हा विषय असलेल्यांना ती देता येते. आणि तुमच्या वाशीहून हार्बरनं गोवंडीला उतरलं की देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. देशभर घरोघरी जाऊन जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्याचं काम हीच संस्था बघते. जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्राचं एमएससी तिथे करता येतं. ही वाट मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागातली मुलं त्या संस्थेच्या इतकी जवळ राहून तिच्याविषयी काही ऐकलेलं नसतात.

तुम्ही खटावच्या, म्हणून एक नाव तुमच्या मुलीला सांगा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ साली तुमच्याच भागातल्या बुध गावात जन्मले. पुण्याला गणित शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात पीएचडी केली, आणि शेतात पीक किती आलं याचा अंदाज थोड्या शेतांचा नमुना घेऊन कसा बांधायचा यावर आयुष्यातली मोलाची वर्षं घातली. पुढे १९५१ पासून रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख होते. तिथून त्यांचं लक्ष माणसाच्या ताटाकडे वळलं. जगभर प्रथिनं कमी पडतात असं म्हटलं जात होतं, तेव्हा त्यांनी आकडे मांडून दाखवलं की बहुतेक गरिबांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, आणि प्रथिनांची तूट त्यातून येते. त्यांच्या मांडणीवर वादही झाले. पण बघा, गणितातून निघालेला माणूस शेतावरून फिरत फिरत भुकेपर्यंत पोचला. तुमच्या पोळी-भाजी केंद्रात वाढलेल्या मुलीला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल.

सायकॉलॉजीविषयी मात्र थोडं कडक बोलणार आहे. हा विषय आज फार मुलींना हवा असतो आणि तो हवासा वाटावा असाच आहे. पण नुसतं बीए सायकॉलॉजी करून समुपदेशक होता येत नाही. पुढे एमए लागतं. रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. म्हणजे पाच-सहा वर्षांचा रस्ता धरून चला. ‘पैसे एकदाच’ असं तुम्ही लिहिलंय, त्या हिशेबात हे धरायला हवं. आणखी एक, कुणी सुचवलं की सायकॉलॉजी बाहेरून करू, दूरशिक्षणानं, तर त्या वाटेला जाऊ नका. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून हा विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे.

पण या दोन विषयांची जोडी खरंच देखणी आहे. बीकॉमची मुलं ‘स्पिअरमनचा क्रमसहसंबंध’ (दोन क्रमवाऱ्या किती जुळतात ते मोजायची रीत) घोकतात ना, तो चार्ल्स स्पिअरमन मानसशास्त्रज्ञ होता. बुद्धी मोजायची कशी या प्रश्नापायी त्याला नवं गणित बांधावं लागलं. आजही सायकॉलॉजीच्या वर्गात स्टॅटिस्टिक्सचा पेपर आला की निम्म्या मुली घाबरतात. तुमची मुलगी तिथे घाबरणार नाही. उद्या तिला सायकॉलॉजीचं एमए करावंसं वाटलं, तर बऱ्याच ठिकाणी पदवीला त्या विषयाचे काही पेपर झालेले असावे लागतात. मायनर घेतलेला असेल तर तो तिथे कामाला येईल. आणि नाहीच वाटलं, तर हातात स्टॅटिस्टिक्सची पदवी आहेच.

म्हणून माझा कौल असा: स्टॅटिस्टिक्स मेजर, सायकॉलॉजी मायनर. अशी जोडी मिळाली नाही तर स्टॅटिस्टिक्स मेजर, कॉम्प्युटर मायनर आणि सायकॉलॉजी ओईमध्ये. स्टॅटिस्टिक्स मेजर प्रत्येक सायन्स कॉलेजात नसतो. तुमच्या आवाक्यातल्या कॉलेजांत नसेलच, तर गणित मेजर आणि स्टॅटिस्टिक्स मायनर घ्यावं, त्यातूनही एमएससीची वाट बंद होत नाही. डेटा सायन्स मी चौथ्या क्रमांकाला ठेवीन, तेही फी बघून.

फीचं सांगते. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडी असते आणि सेल्फ फायनान्सचा, म्हणजे सरकारी अनुदान नसलेला, कोर्स असतो, दोघांचे वर्ग कधीकधी एकाच मजल्यावर भरतात, पण फीत कितीतरी पटींचा फरक असतो. आयटी, डेटा सायन्स हे बहुतेक ठिकाणी सेल्फ फायनान्समध्ये येतात. फॉर्म भरण्याआधी ‘ही तुकडी अनुदानित आहे का’ हे विचारा आणि तिन्ही वर्षांची फी लिहून घ्या, पहिल्या वर्षाची फक्त नको. मुलींना फी माफ झाली असं तुमच्या कानावर आलं असेल. जुलै २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळालेल्या मुलींचा, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाची अटही त्यात आहे. साध्या बीएससीला तो लागू धरून हिशेब करू नका. मात्र इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर भरता येतात, त्यासाठी कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन बसा आणि मिळेपर्यंत पाठ सोडू नका.

आता कुठे जायचं. तुम्ही ट्रान्स-हार्बरवर राहता, ही मोठी सोय आहे. एका हाताला वाशी, दुसऱ्या हाताला ठाणे. वाशीला रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे. सातारकरांना रयतची ओळख मी काय करून देणार! १९१९ साली काले गावातून निघालेली संस्था, कमवा आणि शिका म्हणणारी. तिथे आधी जा. ठाण्याला चेंदणीजवळ खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाचं ज्ञानद्वीपा आवार आहे, बांदोडकर सायन्स कॉलेज आणि जोशी-बेडेकर कला-वाणिज्य कॉलेज एकाच मैदानाभोवती उभी आहेत. सायन्सची मुलगी आणि आर्ट्सचा मुलगा एकाच कँटीनला चहा पितात, अशा जागेचा फायदा वर्गाबाहेर जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. ज्ञानसाधना कॉलेजही ठाण्यातच आहे. यंदा कुठे कोणती जोडी मिळते हे दर वर्षी बदलतं, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊनच विचारायचं. कलिन्यापर्यंत रोजची धावपळ पहिल्या वर्षाच्या मुलीला लावू नये, तिथे एमएला जाता येईल.

खिडकीवरचा कारकून ‘सगळं आहे’ म्हणेल, त्याच्यावर थांबू नका. स्टॅटिस्टिक्स विभागाची खोली शोधा. तिथल्या बाईंना किंवा सरांना विचारा की सायकॉलॉजी मायनर मागच्या वर्षी किती मुलांनी घेतला, किमान किती मुलं लागतात, तास कोणत्या वेळी असतात, मेजरच्या प्रॅक्टिकलशी ते आपटतात का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पुढे सगळा घोटाळा त्यातूनच होतो. विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे, किती, हेही विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक मन लावून शिकवतात, मी त्यांच्यातले उत्तम शिक्षक पाहिलेत. पण त्यांची नेमणूक उशिरा होते, आणि जुलैचे तास सप्टेंबरात सुरू झाले तर तुमच्या मुलीचं सेमिस्टर अर्धं होतं. मग एखादी दुसऱ्या वर्षाची मुलगी गाठा. पाच मिनिटांत ती जे सांगेल ते माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत नसतं.

कॉलेज स्वायत्त आहे का तेही बघा. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. म्हणून बीएससी स्टॅटिस्टिक्स हे एकच नाव असलं तरी वाशीच्या कॉलेजातले पेपर वेगळे आणि ठाण्याच्या कॉलेजातले वेगळे असू शकतात.

यापुढचं थोडं तुझ्यासाठी, बाळा, आईच्या मोबाइलवर तूही वाचत असशील. तीन सिलॅबस डाउनलोड कर: बीएससी स्टॅटिस्टिक्सचा, डेटा सायन्सचा आणि बीए सायकॉलॉजीचा. नावं वाचू नकोस, प्रत्येक पेपरखाली युनिट लिहिलेले असतात ते वाच. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे त्या गोष्टीजवळ साठ तास बसायचं. समजलं नाही तरी चालेल, कोणत्या ओळीपाशी थांबून ‘हे काय असेल?’ असं वाटतं त्याच्यापुढे पेन्सिलीनं खूण कर. खुणा कुठे जास्त पडतात ते तुझं तुलाच दिसेल.

दुसरं, एक वही घे. आईच्या केंद्रावर रोज किती पोळ्या जातात, किती उरतात, वार कोणता, पाऊस होता का, पगाराची तारीख जवळ आहे का, हे महिनाभर लिही. मग उद्या किती कणीक मळावी याचा अंदाज आदल्या रात्री लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पडताळून बघ. अंदाज चुकला की का चुकला हे शोधायला तुला मजा आली, तर स्टॅटिस्टिक्सला जा, बिनधास्त. आणि नेहमीचं गिऱ्हाईक एका दिवशी भाजी बदलून का मागतं, याच्यातच तुझा जीव जास्त रमला, तर सायकॉलॉजी मेजरचाही विचार कर. तेव्हा मी माझा कौल मागे घेईन आणि बाबांशी मीच बोलेन.

पर्सेंटाइलचं मनातून काढून टाक. ती परीक्षा एका गोष्टीसाठी होती, ती गोष्ट आता तुला करायचीच नाहीये.

ताई, ‘चुकलं तर परत नाही’ या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. पूर्वी ते खरं होतं. आता पास केलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मुलीच्या नावावर जमा राहतात. पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं, तर थोडा कौशल्याचा कोर्स करून सर्टिफिकेट मिळतं, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मध्ये सोडलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर बरी नोकरी लागेल असं मी म्हणत नाही, आणि सोडायचा विचार धरून कुणी आत जाऊ नये. पण घरात आजारपण आलं, पैशाची ओढ लागली, आणि मुलीच्या बाबतीत तर लग्नाची घाई झाली, तर शिकलेलं फुकट जात नाही, ही सोय आमच्या वेळच्या मुलींना नव्हती. तुम्हालाही नव्हती. तुमची बारावी झालेली आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुमच्यासारख्यांसाठीच उभं आहे, बीकॉम घरी बसून होतं. केंद्राचा हिशेब तुम्ही रोज ठेवताच. मुलीचा प्रवेश झाला की मला पुन्हा एक पत्र लिहा, त्याविषयी सविस्तर बोलू.

कुणी म्हणेल, दोन डिग्र्या एकदम करा, यूजीसीनं २०२२ पासून परवानगी दिली आहे. परवानगी आहे हे खरं, पण पहिल्या वर्षी नको. लोकल, प्रॅक्टिकल आणि घरचं काम सांभाळून एक डिग्री नीट झाली तरी पुष्कळ आहे.

या आठवड्यात तीन कामं आहेत. विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करून टाका, ती केल्याशिवाय कॉलेजचा फॉर्म पुढे सरकत नाही, आणि प्रत्येक कॉलेजचा फॉर्म त्यानंतर वेगळा भरावा लागतो. एका कॉलेजच्या पहिल्या मेरिट लिस्टवर विसंबू नका, तिन्ही ठिकाणी भरा. मिस्टरांना एक अर्धा दिवस काढायला सांगा आणि वाशीला बरोबर न्या. विभागातल्या सरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळेल, माझ्या पत्रातून मिळेल त्यापेक्षा चांगलं. आणि उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचाही, उद्याच सेतू केंद्रात टाका. जुलैत तिथे गर्दी होते, आणि दाखला हातात नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकलेल्या मुली मी फार पाहिल्या आहेत.